उघड्यावर झोपायचे सत्तावन्न हजार

सत्तावन्न हजार एकशे बारा रुपये. दोन रात्री, दोन तंबू, सहा माणसं. २०२४ च्या दिवाळीआधी पंधरा दिवस माझ्या मुलानं हा आकडा वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे लिहिला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि काही न बोलता चहा प्यायला लागला. तो मकरपुरा जीआयडीसीत नोकरी करतो. हातात महिन्याला बावन्न हजार पडतात. म्हणजे एक अख्खा महिना राबायचं, वर कुठून तरी पाच हजार आणायचे, आणि मग नदीकाठी कापडाखाली दोन रात्री झोपायचं. गाडीभाडं वेगळं.

हट्ट नातवाचा होता. त्याच्या वर्गातली तीन मुलं ‘टेंट सिटी’त जाऊन आली होती. आमचा अकरा वर्षांचा, धाकटी नात सहाची. आम्ही दोघं म्हातारे, मुलगा आणि सून. सुनेनं फोन लावून भाव विचारला होता. तिला वाटलं आपलं काही ऐकण्यात चुकलं असेल, म्हणून मी परत लावला. सगळं बरोबर होतं. जोडप्याला एका रात्रीचे साडेनऊ हजार, पाच वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचे दोन हजार सहाशे, कर वेगळा.

मी म्हटलं, ‘भाई, आम्ही जैन. चौघं मोठे सूर्यास्तानंतर जेवत नाही. रात्रीचं जेवण वजा केलं तर किती?’

पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, ‘बेन, पॅकेज छे. जमो के ना जमो, भाव तो ए ज.’

जेवा किंवा जेवू नका, भाव तोच. मी फोन ठेवला आणि कागद हातात घेतला. माझे वडील सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. अण्णांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट शिकवली होती. बिल वरून खाली वाचायचं नाही, खालून वर वाचायचं. वर माणूस आपल्याला आवडेल ते लिहितो, आणि खाली जे लिहितो ते आपण वाचू नये अशी त्याची इच्छा असते. तेव्हा चला, खालून सुरुवात करू.

सगळ्यात खाली कर. आठ हजार सातशे बारा. अठ्ठेचाळीस हजार चारशेवर अठरा टक्के. आता हा कर कसा बसतो ते बघा. जीएसटीच्या सुरुवातीला, २०१७ साली, हजार रुपयांच्या आतल्या खोलीला कर नव्हता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली. हजाराच्या आतल्या खोलीलाही बारा टक्के लागले, म्हणजे साडेसात हजारांच्या खोलीला जेवढा तेवढाच. बसस्टँडसमोरच्या लॉजवर आठशे रुपयांत रात्र काढणारा आणि साडेसात हजारांच्या खोलीत राहणारा एकाच रांगेत. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंत पाच टक्के झाले, हे चांगलं झालं, नाही कशाला म्हणू? पण आमचा तंबू साडेनऊ हजारांचा, त्याला अठराच. कायद्याच्या नजरेत आता चैनीची रेघ साडेसात हजारांवर आहे आणि कापडाचा तंबू त्या रेघेच्या वर आहे. दगडी भिंतींची खोली खाली आणि कापड वर! अण्णा असते तर पोट धरून हसले असते.

त्यावरची ओळ मुलांची. दहा हजार चारशे. दोन मुलं, दोन रात्री. या पैशांत मुलांना काय मिळतं? ‘एक्स्ट्रा बेड’. एक्स्ट्रा बेड म्हणजे गादी, तीही जमिनीवर. गादी अंथरायचे रात्रीला दोन हजार सहाशे. खरं सांगू, मला या ओळीचा सगळ्यात जास्त राग आला. कारण ही ओळ सांगते की या लोकांच्या डोळ्यांपुढे कुटुंब नाहीच. त्यांच्या डोळ्यांपुढे जोडपं आहे, नुकतं लग्न झालेलं, दोन पगारांचं. भावाचं एकक ‘डबल ऑक्युपन्सी’. मूल म्हणजे जादा, आजी म्हणजे जादा. जाहिरातीत मात्र बघा, आजोबा, आजी, नातू शेकोटीभोवती बसलेले आणि वर लिहिलेलं, ‘कुटुंबासोबत आनंदाचे क्षण’. चित्रात आम्हाला घ्यायचं आणि बिलात आम्हाला दंड करायचा.

त्यावरची ओळ तंबूंची. अडतीस हजार. या ओळीच्या पोटात काय काय आहे ते कोणी सांगत नाही, त्यालाच पॅकेज म्हणतात. वातानुकूलन आहे. न्याहारी, दुपारचं जेवण, चार वाजताचा चहा, रात्रीचा बुफे. संध्याकाळी गरब्याचा कार्यक्रम, तोही वडोदऱ्याच्या माणसाला, ज्याच्या गल्लीत नवरात्रात नऊ रात्री झोप नसते. मला यातलं निम्मं नको आहे. पण वाण्याकडे गेल्यावर तांदळाबरोबर चहा, साबण आणि अगरबत्ती घेतलीच पाहिजे असा नियम नसतो. इथे आहे. रात्रीचा बुफे आठ वाजता सुरू होतो. चौघं न जेवणारे, दोन रात्री. म्हणजे आठ जेवणांचे पैसे मी देणार, आणि त्या वेळी तंबूत बसून नमोकार म्हणणार.

यावर कुणी म्हणेल, हा तुमचा जैनांचा प्रश्न. अजिबात नाही. मधुमेह असलेल्या आजोबांचा, दोन घास खाणाऱ्या लहान मुलाचा, सोमवार करणाऱ्या शेजारणीचा, आणि पैसे वाचवायला घरून डबा आणू म्हणणाऱ्या प्रत्येक आईचा हा प्रश्न आहे. डबा आणायची सोय काढून घेतली की गरिबाला आत यायचा शेवटचा दरवाजा बंद होतो. सिनेमागृहवाल्यांनी हे आधी शोधलं, तंबूवाले त्यांच्या मागून आले.

आता सगळ्यात वर जा. तिथे एक ओळ असायला हवी होती आणि ती नाही. जमीन. नदी. आकाश. ज्याच्यासाठी आम्ही जाणार होतो त्याची किंमत बिलात कुठेच नाही, कारण ते कुणाच्या बापाचं नाही. नर्मदा कुणी बांधलेली नाही. रणातलं मीठ कुणी पसरलेलं नाही. ते सगळ्यांचं आहे, आणि त्याच्या काठावर कुंपण घालून दारात उभं राहायचं भाडं हे आहे.

भाव दिवसागणिक बदलतो हीसुद्धा गंमतच. सुनेनं नंतर सहज फेब्रुवारीतला मंगळवार घालून पाहिला, तर तोच तंबू साडेपाच हजारांना होता. कापड तेच, नदी तीच. दिवाळीत फक्त शाळा बंद असतात. ज्या एकवीस दिवसांत मुलांना सोबत नेता येतं तेच नेमके दिवस महाग. म्हणजे पोरं असणं हाच गुन्हा. माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तो म्हणाला, ‘मावशी, इथेही हेच आहे. समुद्राकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये जूनमध्ये जो आठवडा परवडतो तो ऑगस्टमध्ये परवडत नाही. आणि जूनमध्ये मुलाला शाळा बुडवून नेलं तर दंड.’ ऑगस्ट २०२४ पासून तिथे हा दंड साठवरून ऐंशी पौंडांवर गेला आहे, प्रत्येक मुलामागे, प्रत्येक पालकाला. काही आईबाप हिशेब करतात आणि दंड भरूनच जातात, कारण दंड भरूनही ते स्वस्त पडतं. बघा, कामगारांना चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून ज्या देशात तंबूंचा आणि कॅरॅव्हॅनचा प्रघात पडला तिथे ही गत, तर आमची काय कथा!

कॅरॅव्हॅनचंही विचारून झालं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हा माझ्या मुलानं मोठ्या हौसेनं पेपरातली बातमी कापून ठेवली होती. चालतं घर! आजीला पाय दुखले की आडवं व्हायला जागा, मुलांना खिडकी. चौकशी केली तर रोजचं भाडं, वर किलोमीटरचे पैसे, वर ड्रायव्हरचा भत्ता, आणि रात्री ती गाडी उभी कुठे करायची याला उत्तर नाही. चालत्या घराला अंगण लागतं. पाणी, संडास, वीज, चार झाडं, आणि कमी भाडं. ते अंगण नसेल तर कॅरॅव्हॅन म्हणजे नटनट्यांची व्हॅनिटी गाडी, दुसरं काय? आणि आपल्याला हे नवीन शिकवायची गरज तरी होती का? तांडा हा शब्द मराठीला कुणी शिकवला? लमाणांचे बैल मीठ आणि धान्य घेऊन याच मुलखातून गेले. त्यांच्या मुक्कामाला गावाबाहेर पाणी आणि माळ असायचा.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण नुसता राग काढून भागत नाही.

फेब्रुवारी १९८१. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता. मूर्तीला हजार वर्षं झाली होती. मी चौदा वर्षांची. आमच्या गल्लीतल्या घरांनी मिळून प्रासंगिक कराराची एसटी केली होती. माझ्या आयुष्यातला पहिला तंबू मी तिथे पाहिला. एक नव्हे, माळभर तंबू. यात्रेकरूंसाठी उभी केलेली उपनगरं. खाली गवत पसरलेलं, त्यावर सतरंजी. रात्री थंडी वाजली म्हणून मी आणि माझी अक्का एका घोंगडीत झोपलो. तंबूच्या फटीतून टेकडीवरचा उजेड दिसायचा. त्या यात्रेत अण्णांचे किती पैसे गेले हे मला माहीत नाही, पण गेले असते तर घरात कळलं असतं. दिवाणजीच्या पगारात पाच मुलं घेऊन ते गेले आणि आल्यावर घरात कुणी उसनं मागितलं नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

दर उन्हाळ्यात कुंभोजचा बाहुबली डोंगर. धर्मशाळेची खोली, दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. भांड्यांचं डिपॉझिट भरायचं, गाद्या मोजून घ्यायच्या, सकाळी मोजून परत द्यायच्या. आम्हा पोरांना ती सहल वाटायची आणि मोठ्यांना यात्रा. दोन्ही एकाच खर्चात व्हायचं.

लग्न होऊन १९८९ साली वडोदऱ्याला आले तर इथेही तेच, फक्त दुसऱ्या भाषेत. सासरच्या दांडिया बाजारातल्या शेजारणी मला चांदोदला घेऊन गेल्या. प्रतापनगरहून डभोई, डभोईहून छोटी गाडी. हीच ती गायकवाडांची नॅरोगेज. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बैल ओढायचे. आमच्या वेळी इंजिन होतं, पण वेग बैलाचाच! मुलं खिडकीतून हात काढून बाभळीची पानं तोडायची. चांदोदला नर्मदेत स्नान, वाळूवर भाकरी. शेजारणी पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला जायच्या आणि रात्री तिथेच राहायच्या. मी जैन, समाधीला हात जोडून बाहेर बसायची. मला कुणी विचारलं नाही की तू कोण. ओसरीवर सतरंजी मिळाली.

तीच लाइन आज ब्रॉडगेज झाली आहे. चांदोदच्या पुढे नवे रूळ टाकून ती केवडियापर्यंत नेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये केवडियाचं स्टेशन सुरू झालं. अहमदाबादहून येणाऱ्या जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे. मला रेल्वेचा राग नाही. गाडी वेगानं गेली तर चांगलंच. पण ज्या वाटेनं गरीब माणूस चार आण्यांचे फुटाणे खात जायचा त्या वाटेच्या शेवटी आज त्याला रात्र काढायला परवडेल असं किती उरलं आहे, हा प्रश्न विचारायचा की नाही?

इथे मला थांबून स्वतःलाच दोन थपडा मारायच्या आहेत, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई जुन्या दिवसांची पोळी भाजते आहे.

पहिली थप्पड. धर्मशाळा सगळ्यांना उघडी नव्हती. ‘फक्त जैनांसाठी’ ही पाटी मी लहानपणापासून वाचत आले आणि ती खटकायला मला चाळीस वर्षं लागली. दात्यानं दान दिलं, पण आडनाव बघून दिलं. गरुडेश्वरच्या ओसरीवर मला जे मिळालं ते माझ्या कुंभोजच्या धर्मशाळेत शेजारच्या मुसलमान कुटुंबाला मिळालं असतं का? नसतं. म्हणून धर्मशाळा परत आणा म्हणून माझी सुटका नाही. सरकारनं २०२२ साली धार्मिक ट्रस्टांच्या आवारातल्या हजार रुपयांखालच्या खोल्या करातून मोकळ्याच ठेवल्या, अमृतसरच्या सरायांवरून वाद झाला तेव्हा तसा खुलासाही केला. चांगलं केलं. पण मग ज्याला कुठलंच देऊळ आपलं म्हणत नाही त्यानं कुठे झोपायचं?

दुसरी थप्पड जास्त जोरात लागते. ती सहल स्वस्त होती, कारण तिची मजुरी कुणी मोजली नव्हती. पहाटे चारला उठून धपाटी कोण थापायचं? रॉकेलच्या स्टोव्हला पंप कोण मारायचं? धर्मशाळेच्या आडाचं पाणी पंचानं गाळून हंडे कोण भरायचं? सूर्यास्ताच्या आत पंधरा माणसांचं जेवण उरकायचं म्हणून माझी आई दुपारी तीनपासून चुलीपुढे असायची. तिनं श्रवणबेळगोळचा अभिषेक पाहिला तो पाठीमागून, पोरांचे डबे सांभाळत. अण्णा हिशेबात पक्के होते, पण या ओळीचा आकडा त्यांच्या वहीत कधीच नव्हता. तेव्हा स्वस्त सहल म्हणताना जपून म्हणावं, ती माझ्या आईच्या पाठीवरून गेली होती.

म्हणून पॅकेजवाले जेव्हा म्हणतात, ‘आमच्याकडे बहिणींना आराम मिळतो,’ तेव्हा मी त्यांना खोटं म्हणत नाही. माझ्या सुनेला दोन दिवस चूल नको असेल तर तो तिचा हक्क आहे. पण यातून निघणारा अर्थ बघा. पूर्वी बाईच्या घामावर सहल व्हायची, आता नवऱ्याच्या अख्ख्या पगारावर होते. मधली वाट का नाही? सामायिक स्वयंपाकघर, पुरुषांनीही हात लावायचा. गावातल्या बायकांच्या गटानं केलेली खिचडी-कढी, ताटामागे पैसे, जेवलात तर द्या, नाहीतर नका देऊ. यात कठीण काय आहे?

आता तंबूवाल्यांच्या बाजूचं ऐकू. ते म्हणतील, खर्च आहे, बाई. संडास, वीज, सुरक्षा, माणसांचे पगार. हंगाम चार महिन्यांचा आणि भाडं बारा महिन्यांचं. हे खोटं नाही. उघड्या माळावर स्वच्छ संडास ठेवणं किती कठीण असतं हे यात्रेला गेलेल्या बाईला कुणी सांगायला नको. त्यांचं दुसरं म्हणणं, स्थानिकांना काम मिळतं. मिळतं, तेही खरं. कच्छात रणाच्या काठावरच्या गावांत लोक आपल्या भुंग्यात पाहुणे ठेवतात, रण बघायला महागडा तंबूच घेतला पाहिजे असंही नाही, परवाना काढून बघता येतं. हे सगळं मला मान्य. पण मग तुम्ही म्हणा की आम्ही चैनीचं हॉटेल चालवतो. तसं म्हटलं तर मी हा लेख लिहिणार नाही, सूरतच्या हिऱ्यांच्या भावावर मी कुठे लिहिते? तुम्ही निसर्ग म्हणता, साधेपणा म्हणता, कुटुंब म्हणता, सार्वजनिक जमिनीवर बसता, आणि भाव हॉटेलचा लावता. माझं भांडण तिथे आहे.

तिसरं म्हणणं सगळ्यात जोरात केलं जातं. महाग आहे म्हणून सुरक्षित आहे. वडोदऱ्याच्या माणसापुढे हे बोलू नका. १८ जानेवारी २०२४ ला आमच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदाराला दिलेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं, अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत एकाही घरात दिवा लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्या मुलांच्या आईबापांनी सहलीचे पैसे भरले होते. पावती होती. पैसे घेणारा हात आणि जबाबदारी घेणारा हात एक नसेल, तर भाव वाढवून सुरक्षा येत नाही. सुरक्षा तपासणीनं येते, आणि तपासणी करणं सरकारचं काम आहे, ते ठेक्यानं देता येत नाही.

शेवटचं म्हणणं घरातलंच आहे. माझे यजमान म्हणाले, ‘अगं, परवडत नसेल तर जाऊ नये. अपरिग्रह म्हणून तूच प्रवचनाला जातेस ना?’ मी म्हटलं, अपरिग्रह हे ज्याच्याकडे आहे त्यानं सोडायचं व्रत आहे. ज्याला मिळूच दिलं नाही त्याला त्यागी म्हणायचं, ही लबाडी झाली. आणि मला वस्तू कुठे हवी आहे? मला माझ्या नातवाला आकाश दाखवायचं आहे. आमच्या फ्लॅटच्या गच्चीला सोसायटीनं कुलूप लावलं आहे.

आमच्याच परंपरेतलं एक उदाहरण देते. गुजरातेत श्वेतांबर समाजात ‘छ’री पाळणारा’ संघ निघतो. शेकडो माणसं पायी पालिताण्याला जातात. दिवसातून एकदा जेवायचं, जमिनीवर झोपायचं, पायी चालायचं, असे सहा नियम. रोजच्या मुक्कामाला तंबूंचं गाव उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुढे सरकतं. तेराव्या शतकात मंत्री वस्तुपालानं शत्रुंजय आणि गिरनारला असे संघ नेले. खर्च कोण करतो? संघपती. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं सगळ्यांना न्यायचं आणि त्यात मान समजायचा. आज तंबूंचं गाव तसंच उभं राहतं, फक्त ज्याच्याकडे जास्त आहे तोच आत असतो.

राजानं काय केलं तेही याच शहरात दिसतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ मध्ये, कमाटीबाग झाली. आज रविवारी संध्याकाळी तिथे जा. फतेपुऱ्यातली कुटुंबं चादर अंथरून बसलेली असतात, डब्यातून थेपले निघतात, पोरं गवतावर लोळतात. गवतावर बसायचे पैसे पडत नाहीत, डबा उघडून कुणी बघत नाही. दीडशे वर्षांपूर्वी जे सुचलं ते आज नदीकाठी का सुचू नये?

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि मी ती तोंडी सांगून थांबलेली नाही, कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन पोच घेतली आहे. सरकारी जमिनीवर जिथे जिथे तंबू लागतात तिथे चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवा. तंबू माणूस घरून आणेल. भाडं जागेचं घ्या, माणशी नको, म्हणजे आजी आणि नातू जादा ठरणार नाहीत. पाणी, संडास, दिवा आणि पहारेकरी द्या, त्याचे वाजवी पैसे घ्या. जेवणाचा भाव वेगळा लिहा. शाळेच्या सुट्टीत त्या चौथ्या हिश्श्याचा भाव वाढवू नका. यूथ हॉस्टेल असोसिएशन ही संस्था १९४९ पासून या देशात कमी पैशांत पोरांना डोंगरात नेते आहे, कुटुंबांची शिबिरंही घेते. म्हणजे हे होत नाही असं नाही, करायचं नाही एवढंच. आणि आम्ही जैनांनी आपल्या रिकाम्या पडलेल्या धर्मशाळांवरची ती जुनी पाटी उतरवावी. नियम ठेवा, मांस-मद्य नको म्हणा, आडनाव विचारू नका.

त्या दिवाळीला आम्ही गेलो नाही. मुलानं कागद घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं नातू रडेल. तो रडला नाही. शाळा उघडल्यावर त्याचा मित्र घरी आला होता, त्यानं विचारलं, ‘तुम्ही का नाही आलात?’ माझा नातू म्हणाला, ‘आम्हाला तंबू आवडत नाहीत. किडे असतात.’

मी स्वयंपाकघरात होते. अकरा वर्षांच्या पोरानं परवडत नाही हे आवडत नाही म्हणून सांगायला शिकून घेतलं. हे त्याला कुणी शिकवलं? आम्हीच. आम्ही मध्यमवर्गीय माणसं भाव ऐकतो, गप्प बसतो आणि बाहेर सांगतो की आम्हाला गर्दी आवडत नाही, बाहेरचं जेवण सोसत नाही, घरीच बरं वाटतं. आमच्या या लाजेवरच त्यांचा भाव चढतो. महाग आहे असं मोठ्यानं म्हणायची आम्हाला लाज वाटते आणि मागायची त्यांना वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या सुट्टीत तुम्ही असा फोन लावाल, तेव्हा परवडत असलं तरी विचारा: जेवण वजा केलं तर किती? मुलांची गादी आम्ही आणली तर किती? नुसत्या जागेचे किती? उत्तर ‘पॅकेज छे’ असंच येईल. येऊ दे. शंभर जणांनी विचारलं की एकशे एकाव्याला ते नीट बघून उत्तर देतील. अण्णा म्हणायचे, गिऱ्हाइकानं हिशेब मागितला की अडत्याचा काटा आपोआप सरळ होतो.